वारा नाही, पाऊस नाही, मग बांध कशाने फुटला?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. आभाळ निरभ्र, वारा पडलेला. खाडीच्या तोंडाजवळच्या एका गावात वायंगणी भात कापणीला आले होते. संध्याकाळी चारच्या सुमारास मी बांधावर उभा राहून शेतकऱ्यांशी बोलत होतो. तेवढ्यात एका वयस्क शेतकऱ्याने समुद्राकडे हात केला आणि म्हणाला, "साहेबांनू, खडपार सफेत दिसता. दर्या गाजता हा. आज पुनव आसा, बांधाक बघूक व्हया."

मी सकाळीच अंदाज पाहिला होता. पाऊस नाही, वारा नाही, कोणताही इशारा नाही. मी म्हणालो, "आजोबा, हवामान खात्याने काही सांगितलेले नाही. तुम्ही निश्चिंत राहा, कापणी उद्या-परवा आरामात करा." आजोबा गप्प झाले. सरकारी माणूस बोलला की आपल्याकडे म्हातारी माणसे गप्प होतात, हा आपला जुना रोग आहे.

त्या रात्री भरतीच्या वेळी उघाडीच्या बाजूने बांध फुटला. सकाळी गेलो तेव्हा उभ्या भातात गुडघाभर खारे पाणी होते. जवळच्या दोन विहिरींचे पाणी मचूळ झाले, ते पावसाळा लागेपर्यंत पिण्याजोगे राहिले नाही. आजोबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

आता गंमत बघा. मी सांगितलेला अंदाज खोटा नव्हता. त्या रात्री खरोखरच पाऊस पडला नाही आणि वाराही सुटला नाही. मी आभाळाचा अंदाज वाचला होता, समुद्राचा वाचला नव्हता. कृषी पदविकेला माती शिकलो, खते शिकलो, किडी-रोग शिकलो. लाट कोणी शिकवली नाही. तेव्हापासून जे थोडेफार शिकलो ते आज किनारपट्टीच्या शेतकरी बंधूंसमोर आणि गावच्या कारभाऱ्यांसमोर ठेवतो आहे. माझे म्हणणे एकच आहे: किनाऱ्यावरच्या गावाने पावसाच्या अंदाजासारखाच लाटांचा अंदाजही रोज वाचला पाहिजे, आणि तो वाचण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने घेतली पाहिजे.

लाट येते कुठून?

आपली समजूत अशी की वारा सुटला की लाट उठते आणि वारा पडला की लाट बसते. ही समजूत अर्धीच खरी आहे. आपल्या किनाऱ्यावर वेगवेगळ्या ठिकाणच्या लाटा येतात. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्याच्या लाटा येतात, त्या आपल्याला तोंडपाठ आहेत. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, त्याच्या बारीक, खळबळणाऱ्या लाटा संध्याकाळपर्यंत चालतात. हिवाळ्यात कधी कधी थेट अरबस्तानच्या बाजूने सुटलेल्या वाऱ्याच्या लाटाही येऊन पोचतात.

आणखी एक जात आहे, तिने माझा घात केला. दक्षिण हिंदी महासागरात, पार अंटार्क्टिकाच्या बाजूला, मोठी वादळे होतात. त्या वादळांत उठलेल्या लाटा वादळ संपल्यावरही चालत राहतात. त्या लांबलचक लाटा दिवसाला हजार किलोमीटरच्या आसपास अंतर तोडतात आणि सहा-सात दिवसांनी आपल्या दारात येतात. वादळ तिकडे कधीच विरलेले असते, इकडे आपल्याकडे पान हलत नसते. एप्रिल-मे महिन्यात आपला समुद्र शांत असतो, म्हणून या पाहुण्या लाटा तेव्हाच जास्त जाणवतात.

केरळातल्या कोळ्यांनी या प्रकाराला फार नेमके नाव दिले आहे. ते म्हणतात 'कल्लक्कडल', म्हणजे चोर समुद्र. न सांगता येतो आणि घरात शिरतो. २०१२ साली युनेस्कोनेही हा शब्द शास्त्रीय वापरासाठी स्वीकारला. केरळच्या मच्छीमाराचा शब्द जगाच्या शास्त्रात गेला आणि आपल्या आजोबांचे 'दर्या गाजता हा' मी बांधावरच उडवून लावले.

खडप काय सांगते?

आपल्या किनाऱ्यावर वाळूच्या पुळणी आहेत, तशी समुद्रात घुसलेली खडपे आहेत. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाण्यातले खडक सगळ्यांना ठाऊक आहेत. १६६४ साली किल्ल्याचे काम सुरू झाले, तेव्हापासून परक्या जहाजाला या खडकांतून वाट काढणे कठीण जाई. ज्या खडपाला पुढे आडोसा नाही, ज्याचे तोंड उघड्या समुद्राकडे आहे, ते खडप म्हणजे गावाची फुकटची वेधशाळा आहे.

कारण साधे आहे. लाट आपल्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीच्या पाण्यात आली की फुटते. दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यात फुटणार. वाळूची पुळण हळूहळू उथळ होते, तिथे लाट सावकाश मोडते. खडपाजवळ तळ एकदम वर येतो, म्हणून लाट एकदम उभी राहते आणि कोसळते. लांबून दिसते ती पांढरी रेघ हीच. वारा नसताना ही रेघ दिसली, तर समजावे की लांबचा पाहुणा पोचला.

पण यात एक मेख आहे. ओहोटीला खडप उघडे पडते किंवा त्यावर पाणी थोडे असते. तेव्हा लाट खडपावरच फुटून जाते, मागचा किनारा सुरक्षित राहतो. तीच लाट उधाणाच्या भरतीला खडपावरून तशीच पुढे येते आणि तिचा सगळा जोर पुळणीवर, बांधावर आणि उघाडीवर पडतो. आजोबांनी चार वाजता ओहोटी लागलेली असताना खडपावर सफेद पाहिले आणि रात्रीच्या भरतीला काय होणार ते ओळखले. त्या दिवशी दुपारच्या भरतीलाही पाणी बांधाच्या काठापर्यंत आले होते, असे नंतर चारजणांनी सांगितले. त्या वेळी कोणी मनावर घेतले नाही.

तीन आकडे पाठ करा

लाटांच्या अंदाजात बघायच्या गोष्टी तीन.

पहिली, उंची. अंदाजात 'लाटांची उंची २ मीटर' असे लिहिलेले असते, तेव्हा ती सगळ्यात मोठी लाट नव्हे. ती मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्यातली एखादी लाट जवळपास दुप्पट उंच येऊ शकते. उंची दुप्पट झाली की जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो.

दुसरी, सेकंद. एक लाट गेल्यापासून दुसरी येईपर्यंतचा वेळ. आपण हा आकडा कधी बघतच नाही, आणि खरी मेख इथेच आहे. वाऱ्याच्या लाटा सहा-आठ सेकंदांनी येतात. लांबून आलेल्या लाटा चौदा, सोळा, अठरा सेकंदांनी येतात. आठ सेकंदांची लाट खोल समुद्रात शंभर मीटर लांब असते, सोळा सेकंदांची चारशे मीटर. उंची तीच असली तरी सोळा सेकंदांची लाट आठ सेकंदांच्या लाटेच्या दुप्पट जोर घेऊन येते, आणि किनाऱ्याजवळ आल्यावर ती आणखी उंचावते. म्हणून 'दीड मीटर, सोळा सेकंद' हा निरुपद्रवी दिसणारा अंदाज 'दोन मीटर, सात सेकंद' यापेक्षा बांधाला जास्त घातक ठरू शकतो.

हे मोजायला यंत्र लागत नाही. मनगटावरचे घड्याळ पुरे. एक लाट खडपावर फुटली की वेळ बघायला सुरुवात करा, तिच्यानंतरची दहावी लाट फुटली की थांबा. आलेल्या सेकंदांना दहाने भागा. उत्तर चौदाच्या वर आले तर सावध व्हा, ही माझी ढोबळ खूण आहे.

तिसरी, भरती. हे शिकवायची मला गरज नाही, तुम्हीच मला शिकवाल. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. तिथीला पाऊणने गुणले की मुंबईकडच्या भरतीची ढोबळ वेळ निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दक्षिणेकडे ती थोडी अलीकडे येते. हा हिशोब आपल्या वाडवडिलांनी बसवला. आता तो लाटांच्या अंदाजाशेजारी मांडला की झाले. लांब सेकंदांची लाट भांगाच्या दिवशी आली तर बहुधा निभावते. तीच उधाणाच्या दिवशी आली तर रात्र जागून काढावी.

गोव्याच्या मांद्रे-आश्वेच्या किनाऱ्यावर आणि कर्नाटकात मुल्कीला फळी घेऊन लाटेवर चढणारी मुले आहेत. ती सकाळी उठून आधी सेकंद बघतात, मग उंची, मग भरतीची वेळ, आणि मगच पाण्यात उतरतात. कोणत्या खडपावर किती पाण्यात लाट चांगली उठेल हे त्यांना मिनिटावारी ठाऊक असते. आपण त्यांना रिकामटेकडी म्हणून हसतो. ती खेळासाठी जे वाचतात, ते आपण पोटासाठीही वाचत नाही. मग हसायचे कुणी कुणाला?

अंदाज आहे, गावात पोचत नाही

आपल्याकडे अंदाज देणारे कोणी नाही, असे म्हणायला जागा नाही. हैदराबादला केंद्र सरकारची 'इन्कॉईस' ही समुद्राची माहिती देणारी संस्था १९९९ पासून काम करते. लाटांची उंची, दिशा, सेकंद, सगळे ती पुढच्या काही दिवसांसाठी सांगते. मासळी कुठे मिळेल हेही सांगते. समुद्रात तरंगती यंत्रे ठेवून ती लाटा प्रत्यक्ष मोजते. २०१८ च्या २१-२२ एप्रिलला पश्चिम किनाऱ्यावर अशाच लांबच्या लाटा आल्या, त्याचा इशारा तिने आधीच दिला होता. मे २०२४ मध्येही दिला होता. तरी ६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात समुद्रकिनारी गेलेले पाच वैद्यकीय विद्यार्थी लाटेने ओढून नेले. कागदावर इशारा होता, किनाऱ्यावरच्या मुलांपर्यंत तो पोचला नाही.

शेतकऱ्याचे तेच. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. मोबाईलवर मेघदूत आहे. त्यात पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा मिळतो, लाट मिळत नाही. लाटेचा इशारा मत्स्य विभागाकडे जातो, मच्छीमार सोसायटीकडे जातो, बंदरावर लागतो. खारजमिनीचा शेतकरी बंदरावर जात नाही. समुद्र एकच, पण त्याचे कागद वेगवेगळ्या टेबलांवर फिरतात. शेतकऱ्याच्या टेबलावर लाटेचा कागद येत नाही आणि आम्हा विस्ताराच्या लोकांच्याही नाही. हा दोष आमचा आहे, तो आधी कबूल करतो.

'अंदाज चुकतो' म्हणणाऱ्यांना

काहीजण म्हणतील, इशारे रोजचेच झाले, लाल-नारिंगी ऐकून कान किटले, वादळ येते म्हणतात आणि येत नाही. यात तथ्य आहे. पण 'आले नाही' म्हणजे काय, हे नीट बघितले पाहिजे. २०१९ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत, 'क्यार' चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला न लागता अरबी समुद्रातून पश्चिमेकडे निघून गेले. वादळ आले नाही, पण त्याच्या लाटा आल्या. मालवण तालुक्यात देवबागसारख्या ठिकाणी समुद्र वस्तीत शिरला आणि पावसाने कापणीचे भात आडवे केले. वादळ लांबून गेले म्हणून निश्चिंत व्हायचे नसते, हे त्या दिवाळीने शिकवले.

उलट उदाहरणही आहे. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' वादळाच्या वेळी केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी देवगड बंदरात आसऱ्याला आल्या आणि माणसे वाचली. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान'ने आपल्या किनाऱ्यावरच्या किती घरांतली माणसे परत येऊ दिली नाहीत, हे मी सांगायला नको. वेळेवर कळणे आणि न कळणे यांत एवढाच फरक असतो.

आणि इशारा चुकलाच तर नुकसान किती? उघाडीची झडप तपासायला एक संध्याकाळ, वाळूच्या पाच-पन्नास गोणी, रात्री दोन माणसांचे जागरण. इशारा न पाळता बांध फुटला तर? खारे पाणी एका रात्रीत आत येते, पण मातीतले मीठ धुऊन जायला पावसाळे लागतात. खारपट्ट्यासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, २, ३ या भाताच्या जाती खारेपणा सोसतात हे खरे, पण सोसण्यालाही हद्द असते, आणि वायंगणीच्या उभ्या पिकाला समुद्राचे पाणी लागले तर कोणती जात वाचवणार?

ग्रामपंचायतीने एवढे करावे

माझी सूचना मोठ्या खर्चाची नाही. ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी (आपल्या तोंडात अजून ग्रामसेवक आणि तलाठीच बसले आहेत) यांनी सरपंच, पोलीस पाटील आणि मच्छीमार सोसायटीचा एकजण मिळून पाचजणांचा एक गट करावा. त्यातल्या एकाने रोज सकाळी इन्कॉईसचा अंदाज बघावा आणि गावच्या फळ्यावर तीन आकडे लिहावेत: उंची, सेकंद, भरतीची वेळ. फळा ग्रामपंचायतीच्या कचेरीत नको, तिथे कोणी जात नाही. देवळाजवळ किंवा रेशन दुकानासमोर लावावा. शाळेच्या मुलांकडे हे काम दिले तर ती आनंदाने करतील आणि घरी जाऊन सांगतीलही.

दुसरे, एप्रिल ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन्ही काळांत प्रत्येक उधाणाच्या आधी दोन दिवस बांध चालून बघावा. खेकड्यांची बिळे, खचलेली माती, उघाडीच्या कुजलेल्या फळ्या, अडकलेली झडप, यांतूनच पाणी वाट काढते. गोव्यात मानशीची देखभाल गाव एकत्र मिळून करत असे. आपल्याकडेही बांधबंदिस्ती सामूहिक होती. १९७९ च्या खारजमीन कायद्यानंतर बांध सरकारचा झाला आणि गावाने हात काढून घेतला. सरकारी बांध दुरुस्त होईपर्यंत शेत मात्र आपलेच बुडते.

तिसरे, पाणी आत आलेच तर घाबरून नांगर घालू नका. ओहोटीला उघाडी उघडून पाणी लगेच बाहेर काढा. त्याच दिवशी पंचनाम्यासाठी कळवा, फोटो काढा. पहिल्या पावसाचे गोडे पाणी शेतात कोंडून धरा आणि सोडून द्या, असे दोन-तीनदा करा. मग मातीचा नमुना तपासून घ्या आणि त्यानंतर बियाण्याचा विचार करा.

चौथे, आपल्यातल्या अनेकांनी आता शेतीला जोड म्हणून घरी पर्यटक ठेवायला सुरुवात केली आहे. तुमच्या घरी उतरलेला पाहुणा खडपावर फोटो काढायला जाणार. त्याला एक गोष्ट नक्की सांगा. लांबच्या लाटा सारख्या येत नाहीत, त्या घोळक्याने येतात. दहा-पंधरा मिनिटे खडप कोरडे असते, पाहुण्याला वाटते समुद्र शांत आहे, आणि मग तीन-चार मोठ्या लाटा एकामागून एक येतात. खडपावर पाय ठेवण्याआधी निदान वीस मिनिटे लांब उभे राहून बघा. फळ्यावर सेकंद चौदाच्या वर असतील त्या दिवशी खडपावर जाऊच नका. पाहुण्याचा जीव गेला तर तुमचा धंदाही गेला आणि झोपही गेली. अडचण आली तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

आणि शेवटचे, आमच्या खात्यासाठी. कृषी सल्ल्याच्या कागदावर किनारपट्टीच्या गावांसाठी लाटांची एक ओळ वाढवावी. एक ओळ. त्याला नवीन पद लागत नाही की नवीन इमारत लागत नाही.

ज्या गावात माझा अंदाज अपुरा पडला, त्या गावात मी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. या वेळी बांधावर जाऊन आधी आजोबांना विचारले, "आजोबा, खडप काय म्हणते?" ते हसले आणि म्हणाले, "आज काय नाय सायबानू, आज भांग आसा." मग मी मोबाईल काढून त्यांना आकडे दाखवले, उंची एक मीटर, सेकंद नऊ. दोघांचा अंदाज जुळला. आजोबांचे डोळे आणि हैदराबादचा आकडा, दोन्ही गावाच्या हाती असले पाहिजेत. आजोबा काही कायमचे बांधावर बसणार नाहीत. त्यांना खडपाकडे बघून जे कळते ते आजच विचारून घ्या आणि फळ्यावर लिहायला सुरुवात करा. पुढचे उधाण फार लांब नसते, पंधरा दिवसांनी येतेच.